कुन, केलिनची बायको

वेल्श भाषेत कोरलेला, आजवर ठाऊक असलेला सगळ्यात जुना शिलालेख हे दोन लग्न झालेल्या बायकांचं स्मारक आहे. त्यातल्या एकीचं नाव कुन. तिच्याबद्दल दगड इतकंच सांगतो की ती केलिनची बायको होती, आणि लगेच पुढे दोन शब्द येतात: त्रिकेत नितानाम. घाव तसाच राहिलाय, दुःख मागे उरलंय, असा त्याचा अर्थ अभ्यासक लावतात. ती कशाने गेली, किती वर्षांची होती, मागे मुलंबाळं होती का, यातलं काहीच त्या दगडावर नाही. साडेअकराशे वर्षांपूर्वी कुणाला तरी एवढंच लिहावंसं वाटलं, आणि ते त्याने घरात बोलतात त्या भाषेत लिहून घेतलं.

हा दगड वेल्सच्या पश्चिम किनाऱ्यावर, टविन नावाच्या छोट्या गावातल्या संत कॅडवॅनच्या चर्चमध्ये आहे. मी बर्मिंगहॅमहून आगगाडीने गेले. श्रूजबरी मागे पडलं की डोंगर सुरू होतात, आणि गाडीतल्या सूचना आधी वेल्शमध्ये आणि मग इंग्रजीत ऐकू येऊ लागतात. माखन्लेथला गाडीचे डबे सुटे होतात. अर्धे अ‍ॅबरिस्टविथकडे जातात, अर्धे किनाऱ्याने उत्तरेकडे. आपण कुठल्या डब्यात बसलोय ते आधी बघून घ्यावं लागतं. मग डोव्ही नदीचं रुंद मुख, ओहोटीची चिकट करडी वाळू, आणि थोड्या वेळाने टविन. बहुतेक प्रवासी इथे उतरतात ते टालिथ्लिनच्या डोंगरी आगगाडीसाठी. स्लेटच्या खाणीतला माल आणायला १८६५ साली सुरू झालेली ती अरुंद रुळांची गाडी १९५१ पासून हौशी स्वयंसेवक चालवतात, आणि तशी ती जगातली पहिलीच मानतात. गाडी छानच आहे. मला चर्च गाठायचं होतं.

चर्च बाहेरून तसं साधंच दिसतं. आत शिरल्यावर मात्र बाराव्या शतकातले जाडजूड गोल खांब आणि त्यांवरच्या बिनानक्षीच्या कमानी अंगावर येतात. मूळ ठिकाण त्याहून पुष्कळ जुनं. ब्रिटनीहून समुद्र ओलांडून आलेल्या कॅडवॅन नावाच्या साधूने सहाव्या शतकात इथे मठ घातला अशी परंपरा आहे. हाच कॅडवॅन पुढे एन्थ्ली बेटावर गेला, जिथे वीस हजार संत पुरलेत असं वेल्श लोक सांगत आलेत. ९६३ साली उत्तरेच्या समुद्री लुटारूंनी टविन लुटलं. १६९२ साली चर्चचा मनोरा कोसळला. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी सगळ्या इमारतीची मोठी डागडुजी झाली. या सगळ्यातून तो दगड वाचला.

दगड म्हणजे चौकोनी, अरुंद, माणसापेक्षा उंच खांब. स्मारकशिळा म्हटल्यावर रुंद, पाटीसारखं काहीतरी डोळ्यांसमोर येतं, तसं इथे काही नाही. चारही बाजूंना अक्षरं आहेत आणि ती आडव्या ओळींत नाहीत. खांबाच्या लांबीने, वरून खाली उतरत गेलेली आहेत. वाचायची तर मान खांद्यावर टाकावी लागते. मुख्य लेखाच्या सुरुवातीला एक छोटा क्रूस आहे. अक्षरांचं वळण रोमन शिलालेखांसारखं ताठ नाही, गोलसर आहे, त्या काळच्या हस्तलिखित पोथ्यांमधलं. म्हणजे मजकूर आखून देणारा हात पोथ्या लिहिणाऱ्यातला होता. कडा झिजल्यात, खोली कुठे आहे कुठे नाही, आणि समोरून बघितलं तर नुसतेच ओरखडे दिसतात. मी बाजूला सरकले, खिडकीचा उजेड तिरपा येईल अशी उभी राहिले, आणि मग एक अक्षर उठून आलं, त्याच्या खालचं आलं. रोमन लिपीतलं तीन अक्षरांचं ते नाव, कुन, सापडायला मला बराच वेळ लागला. सापडल्यावर तिथून हलवेना.

हा लेख वाचायचा इतिहासच मला सगळ्यात जास्त लागला. अठराव्या-एकोणिसाव्या शतकातल्या विद्वानांनी हा दगड तपासला तेव्हा त्यांना त्यात पुरुष दिसले. चर्च संत कॅडवॅनचं, तेव्हा दगडही त्याच्याच थडग्याचा असणार, हे त्यांनी आधीच धरलेलं होतं. 'कुन बेन केलेन' या तीन शब्दांच्या जागी त्यांनी 'किंगेन केलेन' वाचलं, म्हणजे किंगेनचा देह. किंगेन हे वेल्श राजघराण्यांतलं नाव. झालं, एका बाजूला संत आणि दुसऱ्या बाजूला राजपुत्र, अशी उत्तम जोडी जमली. दगडाचं नाव 'कॅडवॅनचा दगड' पडलं ते आजही तसंच आहे. विसाव्या शतकाच्या मध्यावर बँगरच्या विद्यापीठातले प्राध्यापक इवोर विल्यम्स यांनी जुन्या वेल्शच्या व्याकरणाच्या आधाराने अक्षरं पुन्हा लावली. 'बेन' म्हणजे बाई, बायको. आयरिशमध्ये तो शब्द अजून जिवंत आहे. ते एक 'बेन' ओळखू येताच राजपुत्र नाहीसा झाला आणि तिथे कुन उभी राहिली.

विल्यम्स हे स्लेटच्या खाणीत राबणाऱ्या कामगाराचे चिरंजीव. खाण-कामगारांच्या त्या मुलखात संध्याकाळी दमून आलेली माणसं कविता आणि व्याकरण यांवर वाद घालत बसत. अशा घरातून आलेल्या माणसाला हा लेख उलगडावा याचं मला नवल वाटलं नाही. आनंद मात्र फार झाला.

दुसऱ्या बाईच्या नावावर अजून एकमत नाही. कुणी ते तेंग्रुमुइ असं लावतं, कुणी केइनरुइ. ती आदियन नावाच्या माणसाची रीतसर लग्नाची बायको होती, हे मात्र दोन्ही वाचनांत येतं. बुद आणि मार्खियाउ अशी आणखी दोन नावं तिच्या लेखात आहेत. ती यांच्याजवळ पुरलेली आहे, असा अर्थ लावतात. अरुंद बाजूंवरचे छोटे लेख 'चौघांचं स्मारक', 'तिघांचं स्मारक' असं काहीतरी सांगतात. म्हणजे हा एकाच घराचा, किंवा दोन सोयरिकीच्या घरांचा दगड. एक मृत्यू झाला तेव्हा उभा केलेला आणि पुढच्या मृत्यूंना पुन्हा हाताशी घेतलेला, असंही असू शकेल. काळाबद्दलही मतं सरकत गेली आहेत. पूर्वी हा सातव्या-आठव्या शतकातला धरत, आता बहुतेक जण नवव्या शतकातला धरतात.

या दगडाचं वेगळेपण कळायला त्याच्या आसपासचे दगड बघायला हवेत. वेल्समध्ये पाचव्या शतकापासूनच्या शेकडो कोरीव शिळा आहेत, आणि ज्यांवर लेख आहेत त्यांतल्या जवळजवळ सगळ्यांची भाषा लॅटिन. 'अमुक इथे विसावला आहे, तमुकाचा मुलगा', हा ठरलेला साचा. पश्चिमेकडे काही दगडांवर आयर्लंडहून आलेल्या लोकांची ओगम लिपी आहे. दगडाच्या धारेवर मारलेल्या खाचांची. नुसत्या वेल्शमध्ये लिहिलेला असा हा जवळजवळ एकटाच.

अँगलसी बेटावर थ्लानगादवलादरच्या चर्चमध्ये सातव्या शतकातला एक दगड भिंतीत बसवलेला आहे. तो ग्विनेथच्या कॅडवॅन राजाचा. हा राजा वेगळा, संत वेगळा. त्यावर लॅटिनमध्ये आहे: 'कातामानुस राजा, सर्व राजांमध्ये सर्वांत शहाणा, सर्वांत नामांकित.' राजा गेला की असं लिहायचं असतं, तसं लिहिलंय. थ्लानगोथ्लेनजवळचा एलिसेगचा स्तंभ तर थेट आपल्या दगडाच्या काळातला. पोविसचा राजा किंगेन, ज्याला ८५५ च्या सुमारास रोममध्ये मरण आलं, त्याने पणजोबा एलिसेगच्या गौरवासाठी तो उभारला. एकतीस ओळींचा लेख होता. एलिसेगने इंग्रजांकडून राज्य तलवारीने परत मिळवलं, हे त्यात होतं. वंशावळ पार रोमन सम्राट मॅक्सिमसच्या मुलीपर्यंत नेलेली होती. शेवटी, हा दगड जो मोठ्याने वाचेल त्याने एलिसेगच्या आत्म्याला आशीर्वाद द्यावा, अशी विनंतीही होती. लेख लिहिणाऱ्या कॉनमार्खचं नावसुद्धा त्यात होतं. सगळं 'होतं' म्हणावं लागतंय, कारण स्तंभ सतराव्या शतकातल्या यादवीत मोडला, १७७९ साली तुकडा परत उभा केला, आणि आज त्यावर हात फिरवला तरी अक्षर लागत नाही. १६९६ साली एडवर्ड ल्विद या वेल्श पंडिताने केलेली नक्कल हाताशी आहे म्हणून आपल्याला मजकूर कळतो. राजाचा तो लंबाचवडा लेख ऊन-पावसाने पुसला, आणि त्याच शतकातली कुन अजून वाचता येते. यात न्याय वगैरे काही नाही हे मला कळतं. पण तिथे उभी असताना मला ते बरं वाटलं.

लॅटिन ही राजेरजवाड्यांची कोरडी भाषा आणि माया फक्त वेल्शमध्ये, असं म्हणून मोकळं व्हायचा मोह होतो. ते खरं नाही. अँगलसीवरच्याच थ्लानत्रिसंतचा सहाव्या शतकातला एक लॅटिन दगड आहे, बिवातिगिर्नुस नावाच्या पुरोहिताच्या बायकोचा. 'अत्यंत पवित्र स्त्री', 'नवऱ्याची अतिशय लाडकी पत्नी' असे शब्द त्यात आहेत. वागणुकीत आणि शिस्तीत ती सगळ्या नागरिकांना आणि नातेवाइकांना आदर्श होती, तिचं शहाणपण सोन्याहून आणि रत्नांहून मोलाचं होतं, असं पुढे येतं. किती प्रेमाने लिहिलंय! आणि दैव असं की दगडाचा नेमका वरचा तुकडा उडालाय. नवऱ्याचं नाव अख्खं राहिलं आणि तिच्या नावाची फक्त शेवटची अक्षरं उरली: 'इवा'. एवढ्या लाडक्या बाईचं नाव आज कुणालाच पुरं माहीत नाही.

हे दोन दगड मी मनात सारखे शेजारी शेजारी ठेवून बघते. थ्लानत्रिसंतचा दगड ती कशी होती ते सांगतो. चारचौघांत उभं राहून सांगावं तसं, नागरिकांना, नातेवाइकांना, देवाला साक्ष ठेवून. तिथे शब्द निवडलेले आहेत, एकावर एक रचलेले आहेत. टविनचा दगड कुन कशी होती यावर एक शब्द खर्च करत नाही. तो मागे राहिलेल्यांबद्दल बोलतो. ती गेली, आम्हाला हे असं झालंय. माझ्या मते भाषा बदलण्याचं कारण इथे आहे. स्तुती करायला शिकलेली भाषा चालते, किंबहुना तीच शोभते. पण स्वतःला काय होतंय ते सांगायची वेळ आली की माणूस लहानपणी ज्या भाषेत रडला त्या भाषेकडे वळतो. लेख आखून देणाऱ्याला लॅटिन येत होतंच; पोथ्यांच्या वळणाची ती अक्षरं मठात शिकल्याशिवाय हातात येत नाहीत. म्हणजे लॅटिनचा साचा त्याच्या हाताशी तयार होता आणि तो त्याने वापरला नाही. त्याला कुणी तरी तसं सांगितलं असेल, किंवा सांगायला लागलंही नसेल.

बरं, असं लिहायची पद्धतही फारशी रुळलेली नव्हती. वेल्श तोवर बोलण्याची आणि गाण्याची भाषा. तिचे उच्चार रोमन अक्षरांत बसवायचे कसे, हे मठांतली माणसं हळूहळू ठरवत होती. त्याच शतकातली वेल्शची दुसरी एक जुनी नोंद एका शुभवर्तमानाच्या पोथीच्या समासात आहे. ही पोथी आता इंग्लंडमध्ये लिचफील्डच्या कॅथीड्रलमध्ये असते, तेव्हा दक्षिण वेल्समधल्या थ्लानदेइलोला होती. नोंद आहे टेलिख नावाच्या जमिनीच्या भांडणाची. तुदवुल्ख आणि एल्गू यांचा तंटा मिटला, आणि मिटवताना एक घोडा आणि काही गायी दिल्या गेल्या; त्यांतल्या तीन नुकत्या व्यालेल्या. लॅटिनमध्ये सुरू होऊन मधेच वेल्शमध्ये घसरणारी ही नोंदही मला फार आवडते. नुकती व्यालेली गाय लिहून ठेवणाऱ्या माणसाला व्यवहार कळत होता.

जमीन, गायी, धान्य. आपल्याकडे भाषा लिहायला लागली तीही याच कारणांनी. अलिबागजवळच्या आक्षीचा शिलालेख, ज्याचा काळ डॉ. शं. गो. तुळपुळे यांनी शके ९३४, म्हणजे इ. स. १०१२ असा वाचला, त्यात कोकणचा राजा आहे, त्याचा प्रधान आहे, देवीसाठी नेमून दिलेलं धान्य आहे. हे दान मोडणाऱ्याला दरडावायला खाली गाढवाचं चित्र, म्हणजे गधेगाळ. श्रवणबेळगोळला गोमटेश्वराच्या पायाशी 'चावुंडराजें करवियलें' आहे, तिथेही कुणी काय बांधवलं याचीच नोंद. हे आपले मोलाचे ठेवे आहेत, आणि शाळेत हे वाक्य पाठ करताना वाटलेला अभिमान माझ्या मनात अजून ताजा आहे. पण टविनहून परतताना मी एकच शोधत होते: दगडावर कोरलेलं, एखादी साधी बाई गेल्याचं जुनं मराठी दुःख. मला ते आठवेना.

बायका आपल्या दगडांवर आहेत. महाराष्ट्रातल्या कितीतरी गावांच्या वेशीवर, देवळांच्या आवारात सतीशिळा उभ्या आहेत. कोपरात दुमडलेला एक हात, पंजा वर केलेला, मनगटात चुडा, वर चंद्र-सूर्य. हात इतका नीट कोरलेला असतो की बांगड्या मोजाव्यात. नाव मात्र बहुधा नसतंच. नवऱ्यामागे जळून गेली म्हणून तिला दगड मिळाला, आणि त्या दगडावर ती नुसता एक हात आहे. अशा शिळेला शेंदूर लावलेला, नारळ वाढवलेला मी लहानपणी पाहिलाय. तेव्हा तो कुठला तरी देव आहे असंच वाटे. कुनला दगड मिळायला नवऱ्यामागे मरावं लागलं नाही. ती मेली आणि मागचे रडले, एवढं कारण पुरलं. म्हणून टविनचा तो खांब बघताना माझ्यासमोर ते बांगड्यांचे हात येत राहिले.

आमच्या घराण्यात तर दगडाचा प्रश्नच नव्हता. माणूस गेलं की अस्थी नदीत, मग दहावं-बारावं, वर्षश्राद्ध, आणि फार तर भिंतीवर हार घातलेला फोटो. माझ्या आजीचं कोरलेलं नाव जगात एकाच ठिकाणी आहे: तिच्या पितळी डब्याच्या बुडाशी. भांड्यांवर नावं घालून देणारा दारावर येई, त्याने टिंबाटिंबांनी घातलेलं. आधी 'सौ.', मग सासरचं नाव, मग आजोबांचं, मग आडनाव. माहेरचं नाव नाहीच. मधलं एक टिंब चुकून बाहेर गेलंय, त्याने अक्षराला उगाच शेपूट फुटलंय. डबा आता माझ्या स्वयंपाकघरात असतो, त्यात डाळ असते. 'केलिनची बायको' वाचल्यावर मला पहिल्यांदा तो डबा आठवला. नवऱ्याच्या नावाने ओळखली जाणारी बाई इथेही आणि तिथेही. आजीच्या नावापुढे मात्र कुणी काही लिहिलेलं नाही.

चर्चमध्ये येणारे लोक बहुतेक वेळा या खांबापाशी फार थांबत नाहीत. त्यांचं लक्ष जातं ते चौदाव्या शतकातल्या एका झोपलेल्या योद्ध्याकडे. हा ग्रिफिद अप आदा, इथल्याच मुलखातला जमीनदार. अंगात चिलखत, हात तलवारीच्या मुठीवर. त्याच्या डोळ्याजवळ दगडात पांढऱ्या गारेची एक शीर आहे, आणि हवा दमट झाली की तिथे ओल धरते, म्हणून त्याला 'रडणारा सरदार' म्हणतात. वेल्सच्या किनाऱ्यावर हवा दमट नसते कधी? मीही वाकून बघितलं. डोळ्याखाली खरोखरच ओलसर चकाकत होतं, लहान मुलांना त्याची मोठीच गंमत वाटत होती, आणि त्यांच्या आईवडिलांनी पाठोपाठ फोटोही काढले. दगडात योगायोगाने आलेल्या पाण्याला अश्रू म्हणून सगळे बघतात, आणि जिथे माणसाने जाणून, छिन्नीने, अक्षर अक्षर करून दुःख लिहिलंय तिथे गर्दी नसते. मला याची खंत वाटते. पण तिथली पाटी वाचून एक शाळकरी मुलगी खांबाभोवती चारही बाजूंनी फिरली, मान वाकडी करकरून बघत राहिली, हेही सांगायला हवं.

ती मुलगी वेल्श बोलत असेल तर तिला त्या दोन शब्दांत काही ओळखीचं वाटलंही असेल. 'त्रिगो' म्हणजे राहणं, आणि 'अनाव' म्हणजे इजा, हे आजच्या वेल्शमधले रोजचे शब्द आहेत. 'करवियलें' आपल्याला न शिकवता कळतं, तसंच. भाषा मधे तुटली असती तर हे झालं नसतं, आणि ती तुटायची वेळ अनेकदा आली होती. १५३६ च्या कायद्याने कचेऱ्यांची आणि न्यायालयांची भाषा इंग्रजी झाली. इंग्रजी न येणाऱ्याला सरकारी पद मिळेना. १८४७ च्या सरकारी अहवालाने वेल्श भाषेलाच अडाणीपणाचं आणि अनीतीचं मूळ ठरवलं. कित्येक शाळांत वेल्श बोलताना सापडलेल्या पोराच्या गळ्यात लाकडाचा तुकडा अडकवत. दुसऱ्या बाजूने १५८८ साली विल्यम मॉर्गन या धर्मोपदेशकाने अख्खं बायबल वेल्शमध्ये आणलं होतं, आणि चर्चमध्ये, प्रार्थनाघरांत, घराघरांत ती भाषा वाचली जात राहिली. टविनपासून जवळच्याच खेड्यातली मेरी जोन्स नावाची पंधरा वर्षांची मुलगी १८०० साली वेल्श बायबल विकत घ्यायला डोंगरातून पंचवीस मैल अनवाणी चालत बालाला गेली, ही गोष्ट वेल्समध्ये सगळ्यांना ठाऊक असते. २०२१ च्या जनगणनेत वेल्समधल्या १७.८ टक्के लोकांनी आपल्याला वेल्श बोलता येतं असं सांगितलं. आकडा आधीच्या जनगणनेपेक्षा घसरलाय. आता टविनच्या रस्त्यावरसुद्धा इंग्रजीच जास्त कानावर पडते. समुद्राकाठी उतारवयात येऊन राहिलेली मंडळी पुष्कळ आहेत. तरी शाळा वेल्शमध्ये शिकवतात, पाट्या वेल्शमध्ये आहेत, दुकानातली बाई शेजारणीशी वेल्शमध्ये बोलून माझ्याकडे वळते आणि सहज इंग्रजीत विचारते, काय हवं.

मी तिला चर्चमधल्या दगडाबद्दल विचारलं. 'कॅडवॅनचा दगड ना,' ती म्हणाली. हेच नाव पुस्तकांत आहे, पाटीवर आहे, गावाच्या तोंडात आहे. संताबद्दल माझ्या मनात काही नाही. मठ त्याने घातला, त्याच्याच मठाने अक्षरं सांभाळली. पण त्या खांबावर त्याचं नाव कुठेही नाही. त्यावर दोन बायकांची नावं आहेत आणि एकीच्या नावाखाली तिच्या माणसांचं दुःख आहे. शतकभराहून जास्त काळ त्यांच्या जागी संत आणि राजपुत्र वाचले गेले, आणि वाचन दुरुस्त होऊनही नाव काही बदललं नाही. चर्चच्या वहीत अभिप्रायासाठी जागा होती. मी तिथे मराठीत, आणि खाली इंग्रजीत, लिहून आले की याला कुनचा दगड म्हणा.